लिफ्ट बंद होती तेव्हा

दामले मॅडम यांस नमस्कार,

माझा दिव्यांग भत्ता बंद झाला, म्हणून अपिलासाठी मी कुबड्या घेऊन ठाण्याला आलेलो. सुनावणी दुसऱ्या मजल्यावर, तिघांच्या समितीपुढे, आणि लिफ्ट बंद. बाकावर शेजारी तुम्हीही कुबड्या टेकवून बसलेल्या. मी बोलून गेलो, "वर बसलेल्यांना पायांतलं काय कळतंय? एक तर म्हणे त्वचेचा डॉक्टर!"

तुम्ही म्हणालात, "दुसरे निवृत्त अधिकारी. तिसरी मी."

तुम्ही फोन करून दोघांना खाली बोलावलंत. डॉक्टरांनी मला विचारलं, "जिना चढता येतो?"

तुम्ही खो खो हसलात. "अहो, मग आम्ही इथे कशाला बसलोय?"

भत्ता सुरू झाला. तुम्हाला फडके रोडवर चहाला बोलवायचंय. पण तुम्ही लाच समजाल, म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही.

आपला,
नयन केणे, डोंबिवली