शेंदूर लावलेला धोंडा

८ फेब्रु.
साखरेपायी डॉक्टरनं चालायला लावलंय. आज घळीपर्यंत गेले. थंडी मोडली. रोजचा धोबी पक्षी दिसला न्हाई, गेला वाटतं त्याच्या मुलखात. ज्वारीवर भोरड्यांचा थवा. आणि घळीच्या कपारीत भलंमोठं शिंगाळं घुबड! लेकीनं दिलेली दुर्बीण लावली, तर पोटाखाली दोन पिल्लं, फुटलेल्या बोंडासारखी. लई आनंद झाला. हे म्हणाले, गावात बोलू नको, अपशकुन म्हणून दगडं मारतील.

१५ फेब्रु.
पळस फुलला. पिल्लं बरी हायेत. पण घळीचा उतार धाकट्या दिरांचा. नामदेव भाऊजी दरसाल होळीआधी तिथलं वाळलं गवत पेटवतात, नवं जोमानं येतं म्हणे. पिल्लांना कुठं उडता येतंय! सांगावं, तर दिवाळीपासून अबोला. बांधावरची बाभळ न विचारता तोडली त्यांनी. मी आधी बोलणार न्हाई म्हणजे न्हाई.

१७ फेब्रु.
पहाटे जाऊन कपारीखालच्या धोंड्याला शेंदूर फासला, दोन फुलं वाहिली. देवाच्या अंगावर कोण जाळ घालतंय! हे हसून बेजार.

२३ फेब्रु.
गवत शाबूत. पण गाव म्हणतंय म्हसोबा प्रकटला. नारळ, अगरबत्त्या, बायकांची रांग. घुबड भिऊन समोरच्या लिंबावर, पिल्लं उघडी. माणसं हटेपर्यंत परतलं न्हाई. करायला गेले एक अन्... रडूच आलं.

२८ फेब्रु.
भाऊजी स्वतःहून दारात! चहा घेतला. बाभळीचं चुकलं म्हणाले. मला भरून आलं. मग म्हणाले, होळीला गाव घळीत हलगी लावून कंदुरी करणार, कापायला बोकड ठरलंय, पहिला नारळ वहिनींनी फोडायचा. हे माझ्याकडं बघत बसले. मी नुसतं बघू म्हणलं. झोप न्हाई.

१ मार्च
मोठं पिल्लू पंख झाडतंय, उडत न्हाई अजून. तशीच भाऊजींकडं गेले. म्हणलं, देव सपनात आला, हलगी नको म्हणाला, पाडव्यापर्यंत कुणी घळीत यायचं न्हाई.
भाऊजी तंबाखू मळत राहिले. मग हळूच म्हणाले, "वहिनी, शेंदूर फासताना बघितलंय मी तुमाला. काडीपेटी खिशातच होती माझ्या. कपारीत काय हाय तेबी बघितलं."
माझी मान वर होईना.
"एवढा देव मांडण्यापरीस मला एक शब्द बोलला असता तर?"
चूक माझीच.
बाहेर पोरं बोकडाला हार घालत होती. भाऊजी उठले. "आता गावाला कुणी सांगायचं, तुमी का मी?"