आढ्यावरची पाळी

भाटघर, धरणावरची झोपडी
वैशाख वद्य अष्टमी, शके १८४८

तीर्थरूप आबांच्या पायावर गेनूचं डोकं. हितं मी खुशाल हाय, तुमचा मोडलेला पाय कसा हाय ते कळवा. सावळाराम, कागद तूच वाचणार, तवा आधीच सांगतो, समदं वाच. मागल्या खेपेला तुझी चेष्टा लिवली ती गाळलीस. मला कळलं.

आबा, भिंत आता अशी वर गेलीय की वरनं खालचा मुकादम मुंगळ्यावाणी दिसतो. बोंबलतो मातर तेवढाच. त्या दगडावर हात ठेवला की हात बारका वाटतो, आन् मंग आपुनबी. एवढं माणसानं केलं, आन् त्यात म्या वाहिलेला चुना हाय, हे ध्यानात आलं की मी गप हुतो. मी गप, म्हंजे बघा.

पर काम सरत आलंय. दर बाजारच्या दिशी मानसिंग मुकादम काही गड्यांना काढतो. "ज्याला गाव आठवतंय त्यानं गावातच ऱ्हावं," म्हंतो. खाडा करणाऱ्याचं नाव पैलं. म्हणून कुणी हलत न्हाई. माझ्या जोडीला चुना मळायच्या घाणीवर शफी हाय, भोरचा. घर एवढं जवळ, तरी हितंच निजतो. परवा त्याची लेक मासूमा भाकरी घिऊन आली आन् मलाच इचारती, "आमचे बाबा कुठं हायत?" शफी म्होरंच हुबा, डोक्यापासनं पायापातूर पांढरा. म्या म्हनलं, "हे भूत तुझंच की." पोर हसली न्हाई. शफीबी न्हाई.

आता जे सांगायचं ते मघापासनं टाळतोय. मागल्या बाजारी गावात राख फासलेला गोसावी आला हुता ना? तुमी ओट्यावनं हात जोडलं, "महाराज, पायाला गुण पडू द्या" म्हनलात. आबा, तो मी.

त्या दिशी चुन्याच्या गाड्या आल्या न्हाईत, घाणी बंद. पहाटंच निघालो. दारात अलख करायचं, समद्यांना भेदरवायचं आन् मंग राख पुसायची, एवढाच बेत. घर शाकारायला ये म्हणून तुमचा निरोप आलेला, म्या "जमत न्हाई" कळवलेलं. ते हसण्यावारी जाईल असं वाटलं.

खिंडीतनं उतरलो तर आपल्या आढ्यावर ती, तुमची सून. दोन जिवांची. पदर खोचून गवताच्या पेंढ्या दाबून बांधत हुती आन् गावातले गडी खालनं तिला गवात देत हुते. आपल्यात बाईमाणूस कवा घरावर चढलंय? शेजारची फुलाकाकू तिथंच हुती. आवाज जड करून तिला इचारलं, "माई, गडी खाली आन् बाई वर, हे काय?"

"महाराज, हितली रीतच हाय. ज्या घरचा गडी दुसऱ्याच्या छपरावर जातो, त्याच्याच छपराला गाव येतं. ह्यांचा म्हातारा पडून. म्हणून सुनेनं गड्याची पाळी भरली. समद्यांच्या घरावर चढली, माझं तेवढं ऱ्हायलंय."

"आन् पोरगा?"

"हाय म्हंत्यात."

आबा, धरणाखाली हुबं राहिलं की मान जेवढी वर करावी लागती, तेवढी करून मी बघत ऱ्हायलो. घर आपलं केवढंसं. पर ती भिंत मला त्या येळेला बुटकी वाटली. देवळातबी कधी असं झालं न्हवतं.

ती उतराया लागली. शिडी हलत हुती, म्या धरली. तिची नजर माझ्या बोटांवर गेली. चुन्यानं खाल्लेली बोटं राखेखाली लपत न्हाईत.

"महाराज धरणाकडनं आलं?"

म्या नुसती मान हलवली.

"मंग पानी पिऊन निघा. तिकडं उशीर झालेला चालत न्हाई."

तांब्या रिकामा केला आन् पळालो. राख पुसायचं धाडस झालं न्हाई. सकाळी हजेरीला हुतो.

शफीला समदं सांगितलं. तो म्हनला, "गेनू, तुमच्या गावची रीत हितं का चालू नये?" घाणीवरचे आमी समदे गडी मुकादमाकडं गेलो. आमचं म्हणणं एवढंच, एक जण घरी गेला तर त्याच्या चुन्याच्या पाट्या बाकीचे वाहतील. म्या म्हनलं, "मुकादम, तोंडं मोजू नका, चुना मोजा." मानसिंग माझ्याकडं बघत ऱ्हायला, ही आनखी एक टवाळी हाय का म्हणून. मंग म्हनला, "चुना कमी पडला तर समदेच घरी जाल. एकदम."

पैली पाळी शफीला दिली. त्याच्या पाट्या वाहून आमच्या पाठी मोडल्या, पर चुना पुरला. दुसऱ्या दिशी आला तवा अंगाला साबणाचा वास हुता, आन् दिसभर उगाच हसत हुता.

येत्या बाजारी माझी पाळी. परतल्यावर काम ऱ्हाईल का न्हाई, कुणी सांगावं. तरी येतो, आन् धुतलेल्या तोंडानं येतो.

आबा, रागवू नका, आता तिच्याशीच बोलतो. सावळाराम, मोठ्यानं वाच, आत चुलीपातूर ऐकू गेलं पायजे.

ठकू, फुलाकाकूचं घर शाकारायचं ऱ्हायलंय. त्यावर मी चढतो. तू खाली सावलीत बस आन् माझं कुठं चुकतंय ते सांग.

तुझा
गेनू