मोटारसायकलला थंडी वाजवली त्याची हकिगत

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. हे पत्र कोणाचं म्हणून बुचकळ्यात पडली असशील तर सांगते, तुला एक मोठी बहीण आहे, ती मी. मागच्या पत्राचं उत्तर अजून आलं नाही, म्हणजे ते तू नक्कीच जपून ठेवलं असणार, आणि तुझ्या घरात जपून ठेवलेली वस्तू पुन्हा दिसत नाही हे सगळ्या खानदानाला ठाऊक आहे. (घराची किल्ली जपून ठेवलीस तेव्हा आपण दोघी तुझ्याच पायरीवर दुपारभर बसलो होतो, आठवतं का? नसेलच.) तुझे गुडघे कसे आहेत? माझे उत्तम आहेत, एक उजवा सोडला तर, आणि डावा. पत्र नेहमीसारखं माझा मुलगा लिहितोय. मी बोलते, तो उतरवतो. आज त्याचा हात जरा जड झालाय, कारण हकिगत त्याचीच आहे. (लिही. हात जड झालाय हेही लिही.)

तर त्याची मोटारसायकल. मोकळ्या रस्त्यावर ती वाऱ्यासारखी पळते, पण हळू चालवायची म्हटलं की तिच्या अंगात येतं. गर्दीत शिरली की आचके देते, वळणावर ठसकते, आणि मधोमध उभी राहून मान टाकते. दर आठवड्याला मी तिच्यावर मागे बसून निवृत्त नर्सबाईंकडे पत्ते खेळायला जाते, तर तिथे पोचेपर्यंत माझी हनुवटी याच्या पाठीवर इतकी आपटलेली असते की पानं लावायला डोकं ठिकाणावर नसतं. तरी मी कधी तक्रार केली नाही. का ते सांगते. या वयात जो तो मला दंडाला धरून नेतो आणि काचेच्या भांड्यासारखी कुठेतरी ठेवून देतो. मोटारसायकलवर मात्र मी कोणाला तरी धरून बसते. तेवढा एकच प्रवास माझा स्वतःचा आहे.

आणि नेमका त्याच्यावरच घाला आला. माझी सून शहराची बस चालवते हे तुला माहीत आहे (नसेल तर आता झालं). मोठ्या चौकात आमची गाडी मेली ती बरोबर एका बसच्या तोंडापुढे. मागून भोंगा वाजला. मी वळून पाहिलं तर काचेमागे आमची सूनबाई, आणि तिच्यामागे बसभर लोक माना उंचावून बघताहेत. तिने काच खाली केली आणि एवढंच म्हणाली, "आई, घरी बोलू." धाकटे, मी दोन युद्धं आणि एक सासू पाहिली आहे, पण इतकी मी कधी घाबरले नव्हते. घरी निकाल लागला. शनिवारपर्यंत गाडी हळू चालायला शिकली तर ठीक, नाहीतर ती विकायची आणि मी पत्त्यांना बसने जायचं, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, तिच्या नजरेखाली.

मग हा कामाला लागला. म्हणजे आधी वाचायला लागला. त्याने मला जे समजावलं ते मी तुला माझ्या भाषेत सांगते. (तो मान हलवतोय. हलवू दे.) या गाडीला एक डोकं आहे, सीटखाली डबीत. पेट्रोल किती द्यायचं ते डोकं ठरवतं. हवा गार आहे की गरम, हे त्याला एक इवलासा सेन्सर सांगतो. हवा गार असली तर डोकं सढळ हाताने पेट्रोल देतं, गरम असली तर हात आखडतं. आणि कारखान्यातूनच ते इतकं चिकट बनवलेलं की हळू चालताना बिचाऱ्या गाडीचा घसा कोरडा पडतो. उपाय काय, तर सेन्सरच्या तारेत एक रेझिस्टर जोडायचा, की डोक्याला वाटतं हवा आहे त्यापेक्षा गार आहे, आणि ते दोन घोट जास्त पाजतं. थोडक्यात, गाडीला खोटं सांगायचं की बाई, बाहेर थंडी आहे. मी म्हटलं, यात शोध कसला? याच खोट्यावर मी तुला उन्हाळाभर स्वेटर घालून फिरवलं.

आता रेझिस्टर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी चीज, दोन्हीकडे तारेच्या मिशा, आणि किती ताकदीचा ते अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचं. इथेच आमचं घराणं आडवं आलं. याला लाल, केशरी, हिरवं काही वेगळं दिसत नाही, जन्मापासून. लहानपणी कच्चे टोमॅटो मिटक्या मारत खायचा. आणि मला लिहितावाचता येत नाही, म्हणून आमच्यात जुना करार आहे, माझी अक्षरं तो वाचतो आणि त्याचे रंग मी वाचते. त्याने मूठभर रेझिस्टर ताटलीत ओतले आणि म्हणाला, "आई, तपकिरी, काळा, लाल असा दे." मी दिला. चष्मा आतल्या खोलीत होता, आणि ताटलीभर दाणे निवडायला चष्मा लागेल इतकी काही मी म्हातारी झालेले नाही.

लाल नव्हता तो. केशरी होता. आणि एवढ्याशा फरकाने रेझिस्टरची ताकद दहापट होते म्हणे. गाडीला वाटलं आपण बर्फात गाडलो गेलो. ती अशी पेट्रोल प्यायला लागली की काळ्या धुराचा लोट उठला आणि शेजारच्या सलूनवाल्याच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या टॉवेलांतून आरपार गेला. तो कात्री घेऊनच बाहेर आला. म्हणाला, "आजी, मी लोकांचे केस काळे करतो, टॉवेल नाही." टॉवेल मी धुऊन दिले. मुलगा गाडी पुसत बसला, आणि मला एका शब्दाने बोलला नाही, हे मात्र त्याच्या बाजूने लिहिते. (हे बघ, हे कसं भरभर लिहिलं.)

दुसऱ्या वेळी चष्मा लावला. लाल पट्टा, उजेडात धरून, वर माझ्या शिवणाच्या लाल दोऱ्याशी ताडून. जोडला, टेप गुंडाळली, आणि गाडी जागच्या जागी मांजरासारखी घुरघुरायला लागली.

शनिवारी परीक्षा. बाजाराच्या गल्लीतून सूनबाईच्या बसमागे, शेवटच्या थांब्यापर्यंत. तिने बस अशी चालवली की मुंगीने मागे वळून पाहावं. एरवी ती एवढी हळू चालवत नाही, हे मी त्या मार्गावरच्या कोणालाही विचारायला तयार आहे. आरशातून तिचे डोळे आमच्यावर. मागच्या काचेला नाक लावून उतारू. मी देवाचं नाव घेतलं नाही, गाडीचंच घेतलं. एक आचका नाही. ठसका नाही. माझी हनुवटी आपल्या जागी. शेवटच्या थांब्यावर ती उतरली, किल्ली मागितली आणि डेपोच्या आवारात पाय न टेकता सावकाश गोल गोल फिरून आली. म्हणाली, "क्लच जरा कडक आहे."

आम्ही जिंकलो. पण दुसऱ्या दिवसापासून खुंटीवर किल्ली नाही. सूनबाई पहाटे गाडी घेऊन डेपोवर जाते, हा सायकलवर जातो, आणि मी पत्त्यांना बसने, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. तेलही गेलं, तूपही गेलं.

तुझ्या यजमानांना नमस्कार.

तुझी थोरली

ता. क. तुझ्या यजमानांनी हौसेने घेतलेली ती स्कूटर हळू चालवली की आचके देते म्हणून पडून आहे, असं कानावर आलं. ती टेम्पोत घालून इकडे पाठव. रेझिस्टर शिल्लक आहेत.

ता. क. दुसरा. हे मी सांगते आणि नात लिहितेय, कारण तिच्या बापाने पेन खाली ठेवलं. स्कूटर त्याच्यासाठी नाही. ती मी चालवणार आहे. मला वेगाने जायचंच नाही, हळूच जायचंय, आणि हळू चालणारी गाडी कशी करायची ते आता आम्हाला कळलंय. सूनबाई रविवारी डेपोच्या आवारात शिकवायला तयार आहे, मीच विचारलं. म्हणाली, माझ्या मागच्या सीटवरून ब्रेक दाबायला सांगत राहण्यापेक्षा तुमचा ब्रेक तुम्हीच दाबा. परवान्याचं म्हणशील तर रस्त्यावर वाचायला असतं काय, चित्रं आणि रंग. ज्याला लाल-हिरवं कळत नाही त्याला परवाना मिळतो, तर मी चष्मा लावून जाईन.

स्कूटरची डिकी रिकामी पाठवू नकोस. सुकी अंजिरं भर, मऊ बघून. बदाम नकोत, दातांसाठी अजून कुठला रेझिस्टर निघालेला नाही.