मामंजींच्या पगडीतले बिऱ्हाड

शिंगणापूर, ८ एप्रिल १९४६

चि. शामकांत यास ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू पाडव्याला येऊन गेलास आणि घरातल्या वस्तू नाहीशा होऊ लागल्या. सासूबाईंच्या फुलवाती गेल्या, मामंजींचे नवे जानवे गेले, माझा लोकरीचा गुंडाही निम्मा झाला. आमच्या गावात पिढ्यानपिढ्या घरांना दारे नाहीत आणि चोरीही नाही, हा मामंजींचा मोठा अभिमान. कालपासून ते जेवताना बोलत नाहीत. आज एवढेच म्हणाले, की पाहुणा नगरचा होता.

अरे, तेच अक्षय तृतीयेच्या आत शेवगावला जाऊन दमयंतीच्या वडिलांकडे तुझ्यासाठी शब्द टाकणार होते. तिथे पैठणच्या एका कारकुनाचेही स्थळ चालू आहे. आपल्याला वडील नाहीत. मामंजी रुसले तर कोण जाणार? चुकून पिशवीत काही गेले असेल तर मुकाट्याने पाठवून दे.

काळजीत पडलेली,
नीलांबरी

नगर, ११ एप्रिल

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

फुलवाती घेऊन मी काय करणार? माझ्या खोलीत देव नाहीत. आणि आहे ते जानवेच माझ्याच्याने धड सांभाळले जात नाही, हे तुला ठाऊक आहे.

शाळेत पोरांना पाखरे दाखवतो, त्या सवयीने विचारतो. कापूस, सूत, लोकर आणखी कुणाला लागते? सध्या विणीचे दिवस आहेत आणि तुमच्या घराला दार नाही. माणसांवर नजर ठेवू नकोस, वर पाहा. घरटे सापडले तर हात लावू नकोस, मामंजींनाही लावू देऊ नकोस. अंडी असताना घरटे हलवणाऱ्याला मी माणूस म्हणत नाही.

तुझा निर्दोष बंधू,
शामकांत

शिंगणापूर, १६ एप्रिल

चि. शामकांत यास अ. उ. आशीर्वाद.

चोर सापडला. कोनाड्यात उलटी ठेवलेली मामंजींची पगडी, तिच्यात तीन अंडी. खाली फुलवातींची गादी आणि कडेने जानवे. नर काळा, शेपटीखाली तांबडा. शेपटी सदा वर करून मिरवतो, कामाच्या नावाने शून्य. मला एकसारखी तुझी आठवण येते. मादी मातकट रंगाची, ती बिचारी राबते.

मामंजींनी वाकून पाहिले. मग हसले आणि म्हणाले, की माल घराबाहेर गेलाच नाही, तर चोरी कसली? गावाची अब्रू राहिली आणि तुझीही. पण पगडीशिवाय सोयरिकीला जायला ते तयार नाहीत. उघड्या डोक्याने माणूस सुतकात जातो, म्हणतात. तेव्हा पिल्ले उडाली की शेवगाव. तू लिहिलेस तसेच सगळे चालू आहे. आम्ही शिंकायलासुद्धा अंगणात जातो.

नीलांबरी

नगर, १९ एप्रिल

ती. सौ. ताईस घाईघाईने सा. न.

पिल्ले उडेपर्यंत दमयंती पैठणला पोचेल. माझे मागचे पत्र विसर. तो चिरक पक्षी आहे. घरटे अलगद एखाद्या मडक्यात ठेवले तर चिरक समजूतदारपणा दाखवतो, असे ऐकले आहे. कुणाकडून ऐकले ते विचारू नकोस. ते जमत नसेल तर सोबत माझी टोपी पाठवतो, ती मामंजींना द्यावी.

यापुढे माणूस म्हणवून न घेणारा,
शामकांत

शिंगणापूर, ३ मे

चि. शामकांतराव यांस अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी स्वतः लिहीत आहे. सूनबाईंनी तुमची दोन्ही पत्रे लागोपाठ वाचून दाखवली. फार करमणूक झाली. दार नसलेल्या घरात जो आला, त्याला मी बाहेर काढत नाही. तुमची टोपी माझ्या डोक्यावर बसेना, म्हणून पंचा गुंडाळून शेवगावला गेलो.

त्यांनी पगडी कुठे म्हणून विचारले. मला खोटे बोलता येईना. फुलवाती, जानवे, तुमच्यावरचा संशय, तुमची पत्रे, सगळे सांगितले. माजघरात कुणीतरी इतक्या मोठ्याने हसले, की आमची बोलणी थांबली. मुलीचे वडील म्हणाले, पैठणकर येऊन गेल्यापासून ती घरात कुणाशी धड बोललेली नाही; आज हसली, हेच उत्तर समजा. तेव्हा स्थळ ठरले.

पिल्ले आज पगडीच्या काठावर येऊन बसली. लग्नात मी तीच पगडी घालणार.

मुलीने एक प्रश्न विचारला आहे, तो कळवतो. मादीने राबायचे आणि नराने शेपटी वर करून मिरवायचे, ही रीत तुमच्याकडेही आहे काय? उत्तर नीट विचार करून लिहावे. शेवगावला ते मीच वाचून दाखवणार आहे.

पगडीवाल्यांचा लोभ आहेच, तो वाढवावा.

तुमच्या ताईंचे मामंजी