दुसऱ्यांदा मोजलेला रक्तदाब

१९ जानेवारी १९७७

माय, तू गेल्यापासून तुला एक ओळही लिहिली नाही, याची माफी असावी. तुला वाचता येत नव्हते, हे कारण मी स्वतःला देत आलो. ते पुरेसे नाही.

आज केनवडला तुझ्या धाकटीकडे गेलो होतो. तिचे डोके सारखे ठणकते, चालताना तोल जातो. मागच्या आठवड्यात मी दवाखान्याच्या डॉक्टरांना तिच्या घरी नेले, तेव्हा ओसरीवर जावयांचे थोरले भाऊ बसलेले. त्यांच्यापुढे ती खाटेवर कशी बसणार, आणि दंड तरी कसा उघडा करणार? चुलीवरून सगळ्यांना चहा दिला आणि पदर ओढून खालीच टेकली. डॉक्टरांनी चोळीच्या बाहीवरूनच रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. हात लोंबता, आणि ही डॉक्टरांना विचारते आहे, "साखर कमी तं नाही पडली?" पारा दोनशेच्या वर गेला. थोरले हसले. "चुलीपुढून उठवलं अन् लगेच मोजलं. आमच्या बैलाचंही चढन!" डॉक्टर म्हणाले, असे मोजणे खरे नाही, गोळ्या सुरू करा, पुन्हा नीट पाहू. मी त्या हसण्यावर विसंबून आठवडा काढला.

आज डॉक्टरांना पुन्हा सोबत नेले; थोरले शेतात गेल्यावर आतल्या खोलीत खाट टाकली. पाठ भिंतीला, पाय जमिनीवर, बाही काढून हात उशीवर, छातीच्या उंचीला. चहा नाही, बोलणे नाही. "दादा, घरी पाहुणे अन् मी मुकी बसू? लोक म्हणतीन, हिले गर्व आला." तरी बसली. बाजूने ती थेट तुझ्यासारखी दिसते. तू भाकर थापते आहेस, आणि थापता थापता एका अंगावर कलंडतेस; पीठ लागलेला हात परातीतच राहतो. थकवा आहे, म्हणाले सगळे. मोजायला कोणी नव्हते.

डॉक्टरांनी थांबून दोनदा मोजले. मग मला अंगणात नेले. "तो आकडा चुलीचा नव्हता, मास्तर. तिचाच आहे."

ती बाही सारखी करत दारात आली. "उतरलं ना, दादा?"

"उतरलं थोडं."

"म्या म्हटलंच होतं! मंग आता गोळ्या कायले?" पुडी फळीवरच्या डब्यामागे सरकवली आणि चहा ठेवायला गेली. मी तो चहा प्यायलो आणि बसमध्ये बसलो.

माय, पट्टा, उशी, हाताची उंची, सगळे मी नीट करवून घेतले आणि चुकीचा आकडा माझ्या तोंडाने तिला दिला. खरे सांगितल्यावर ती गोळ्या घेईल, असेही वाटत नाही. घेतल्या तरी तिचे किती दिवस उरले आहेत, ते डॉक्टरांना विचारायचा मला धीर झाला नाही. तिला घाबरवायचे नव्हते, असे मी वाटभर म्हणत आलो. घाबरलो होतो मी.

उद्या: पहिल्या बसने केनवड. तिला खरा आकडा सांगणे.