एकट्या त्यांनाच लागू पडेल असं वाक्य

प्रिय ताईस,

धाकट्याचा ख्रिस्तात सप्रेम सलाम. तुझी कंबर, भाऊजींचा दमा आणि सूनबाईंचा राग हे तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो, कारण नसते तर तुझं पत्र आधी आलं असतं. माझं म्हणशील तर गुडघे सोडून सगळं ठीक, आणि गुडघे सोडून कुठं जाता येत नाही म्हणून काहीच ठीक नाही. निवृत्त पाळकाला आराम असतो असं ज्यानं सांगितलं, तो एकदा भेटायला हवा.

लांबणसाहेब गेले, हे तुझ्या कानावर आलं असेलच. (त्यांचं खरं नाव आता त्यांच्या दगडावरच राहिलंय, उपदेश सुरू केला की मंडळीची भाकरी करपेपर्यंत थांबत नसत, म्हणून लांबण.) ते गेले ते गेले, आणि जाताना मला कामाला लावून गेले. आमच्या वार्षिक सभेत त्या वर्षी निवर्तलेल्या निवृत्त पाळकांची आठवण करतात, हे तुला ठाऊक आहे. नाव पुकारायचं, घरच्यांनी उभं राहायचं, मग प्रत्येकाच्या आयुष्याबद्दल तीन मिनिटं वाचायचं आणि सेक्रेटरींनी टेबलावरची घंटा वाजवली की पुढचा पाळक. हे लिहायचं आणि वाचायचं काम माझ्याकडे आलं ते माझं अक्षर बरं म्हणून. अक्षर केव्हाच बिघडलं, काम काही सुटलं नाही.

मागच्या वर्षी काय झालं ते तुला कळवलं नव्हतं, कारण लाज वाटत होती. माझ्या दोन कागदांची अदलाबदल झाली. एका पाळकाचं नाव पुकारलं, त्याचं कुटुंब उभं राहिलं, आणि मी दुसऱ्याचंच आयुष्य वाचलं. मग दुसऱ्याच्या वेळी पहिल्याचं. हे माझ्या लक्षात आलं जेवणाच्या रांगेत, आणि तेसुद्धा दोन्ही विधवांनी डोळे पुसत माझे आभार मानल्यावर. 'आमचे हे अगदी डोळ्यांपुढं उभे केलेत,' म्हणाल्या. दोघेही पाळक नम्र, प्रार्थनाशील, मितभाषी आणि गरिबांचे कैवारी, कुठं अडणार? सबंध सभागृहात घोटाळा कळला तो फक्त लांबणसाहेबांना. ते मागच्या बाकावर मोठ्यानं हसले, आणि त्यांच्या बायकोनं त्यांना कोपर मारलं.

त्याच बाई यंदा माझ्यासमोर येऊन बसल्या. (आमच्या हिनं चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही.) म्हणाल्या, "नम्र आणि मितभाषी असा माणूस मी घरात कधी पाहिला नाही. तुम्ही असं वाचलंत तर मी उभी राहणार नाही. एक वाक्य तरी एकट्या त्यांनाच लागू पडेल असं लिहा. मला ते एकदा ऐकायचेत." हे ऐकून मला भरून आलं, ताई, आणि त्याच वेळी धडकीही भरली.

मी कंबर कसली (गुडघ्यांचा विरोध डावलून). आधी मुलाकडे गेलो. त्यानं वडिलांच्या पदव्या सांगितल्या. मुलीकडे गेलो, ती नुसती रडली, मग मीही थोडा रडलो आणि घरी आलो. मग त्यांच्या पहिल्या मंडळीत गेलो. बसमध्ये उभ्यानं, हे वेगळं सांगायला नको. तिथल्या सगळ्यांत जुन्या आजीबाईंनी मला बसवून घेतलं. म्हणाल्या, त्या पाळकाला कोण विसरेल? बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचं नावच विसरला आणि बापाच्या नावानंच बाप्तिस्मा देऊन मोकळा झाला. वर पंचांनी टोकलं तर पंचांवरच खेकसला. मला आनंदानं घाम फुटला. हे एकट्या त्यांनाच लागू होतं. लिहून घेता घेता हात थांबला, कारण लांबणसाहेबांनंतर त्या मंडळीचा पाळक मी होतो, आणि तो बाप्तिस्मा मी दिला होता. आजीबाईंनी माझ्या आठवणीनं पदर डोळ्यांना लावला. 'गेला बिचारा, पण मनानं वाईट नव्हता,' म्हणाल्या. त्यांचा हिरमोड करवेना, म्हणून दोन बिस्किटं खाऊन मी मेलेलाच बाहेर पडलो.

शेवटी एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं की लांबणसाहेबांना सूर म्हणून नव्हता, तरी गीत सुरू झालं की सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. हे मी हौसेनं लिहून सेक्रेटरींना दाखवलं. त्यांनी खोडून तिथं 'संगीतप्रेमी' लिहिलं. सभेत काही वादग्रस्त नको, म्हणतात.

इकडे आमच्यातले जे अजून जिवंत आहेत त्यांनी वेगळंच मांडलंय. ज्यानं वर्षानुवर्षं माझ्याकडे पाहिलं नाही तो जिन्यावर माझा हात धरतो. दुसरा, मला नुसता खोकला झाला तरी, फळं पाठवतो आणि निरोप देतो की आपण बांधलेल्या शाळेचा उल्लेख राहू नये. सगळ्यांना नम्र म्हणूनच आठवणीत राहायचंय. एवढी नम्र माणसं होती तर मंडळ्यांत इतकी भांडणं केली कोणी, हे मला कोणी सांगत नाही.

थकलो गं. या माणसांनी जन्मभर दुसऱ्यांची मयतं केली, बदल्या झाल्या की पोरंबाळं आणि ट्रंका घेऊन मंडळीच्या ओल आलेल्या घरात राहायला गेले, आणि शेवटी वाट्याला काय, तर घंटेआधीची तीन मिनिटं, तीही दुसऱ्या कोणाची असली तरी चालतील अशी. मला याचं फार वाईट वाटतं. सभा तोंडावर आली आणि कागद कोराच आहे. असो, तू काळजी करू नकोस. भाऊजींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. गुडघ्याला लावायचं ते तेल कुठलं, कळव.

ता. क. दुसरा : तेलाचं राहू दे. पत्र लिहिलं ते दुसऱ्याच कारणासाठी, आणि ते इतका वेळ लिहवलं नाही. उठताना बाई म्हणाल्या, "तुमच्या ताईंना विचारा. त्यांनी यांना नाही म्हटलं होतं. होकार देताना कोण नीट बघतं? नकार देणाऱ्या बाईनं माणूस नीट पाहिलेला असतो." मला हे ठाऊकच नव्हतं. मी तेव्हा लहान. तुला बघायला पाहुणे आले की आई मला मागच्या दारी पिटाळायची. तर ताई, का नाही म्हणालीस ते जसंच्या तसं लिही. (भाऊजींना हे पत्र दाखवू नकोस.) सेक्रेटरींना मी काही दाखवणार नाही, सरळ वाचणार.

ता. क. तिसरा : बाईंना वाईट वाटेल म्हणून हात आखडू नकोस. मी तसं म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या, "ज्या कारणानं त्यांनी नाही म्हटलं असेल, त्याच कारणावरून मी जन्मभर यांच्याशी भांडले. आता घरात ते भांडणच तेवढं कमी आहे."