स्वतःबद्दल चार वाक्यं

४ जानेवारी, मंगळवार

सगळ्यांचे वडील शिंपी!

हसावं की रडावं तेच कळत नाही. आज मोठ्या हॉस्पिटलात स्वागतकक्षासाठी शिकाऊ मुलं घेणार होते. निवड झाली तर दिवसा काम आणि संध्याकाळी त्यांच्याच खर्चानं कॉलेज. माझ्या बारावीच्या इंग्रजीच्या वर्गातले पाच जण गेले होते. दुपारी हेडसरांनी बोलावलं. "मॅडम, तुमच्या वर्गातल्या सगळ्या मुलांचे वडील शिंपी आहेत का हो?" मला आधी काही टोटलच लागेना.

मग लागली. मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी, याचा नमुना म्हणून मी मागे माझीच ओळख फळ्यावर लिहून दिली होती. वडील शिंपी, मशीनच्या खडखडाटात अभ्यास केला, लहानपणी मी फार लाजाळू होते, वगैरे. कार्ट्यांनी ते जसंच्या तसं पाठ केलं आणि एकापाठोपाठ एक तिथं जाऊन ओकून आले! आमचा पहिलवान – सहा फूट उंच, दाढी फुटलेली – खुर्चीत ताठ बसून म्हणाला, "आय वॉज अ शाय गर्ल."

भरतीचं काम बघणाऱ्या बाई म्हणे पाणी प्यायला म्हणून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आत आल्याच नाहीत.

पण बाई भल्या निघाल्या. हेडसरांना फोनवर म्हणाल्या, "तीन आठवड्यांनी परत पाठवा. फक्त या वेळी स्वतःचं बोलायला सांगा."

६ जानेवारी, गुरुवार

पोरांना यथेच्छ झापलं. तर आमची वकीलबाई उभी! (खरी वकील नव्हे. प्रत्येक गोष्टीत वाद घालते म्हणून वर्गानं ठेवलेलं नाव.) "मॅडम, फळ्यावरचा शब्दही बदलायचा नाही असं तुम्हीच सांगता." सांगते खरी.

फळा कोरा केला. म्हटलं, आता कुणी कुणाचं काही उतरवायचं नाही. प्रत्येकानं स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायची. इंग्रजी मोडकं चालेल, पण खरं हवं.

पहिलवान आधी नुसताच घाम पुसत राहिला. मग म्हणाला, तो रोज सकाळी पाण्याचे जार पोचवतो. तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे आजोबा एकटे राहतात. "ही टॉक्स. आय लिसन. जार इज व्हेरी हेवी. बट आय स्टँड." मला तर पुढचं नाव पुकारायचंही सुचेना.

मग कुजबुजचा नंबर. हेही वर्गानंच ठेवलेलं नाव. पोरगी इतकी हळू बोलते की समोरच्याला कान पुढे करावा लागतो. लिहिते मात्र सुरेख, तिच्या पेपरात माझं लाल पेन नुसतं फिरून परत येतं. उठली, म्हणाली, "मॅडम, माझं सांगण्यासारखं काही नाही." आणि बसली.

१० जानेवारी, सोमवार

कुजबुज आजही तेच म्हणाली. हट्टी आहे!

१२ जानेवारी, बुधवार

आमच्या शाळेतल्या शिपाई मावशी नुकत्याच कुजबुजच्या समोरच्या इमारतीत राहायला गेल्यात. आज पाण्याची बाटली भरताना सहज म्हणाल्या, "त्या पोरीची आई अंथरुणाला खिळलीय, मॅडम. सगळं हीच करते. अंग पुसणं, भरवणं, औषधं. खिडकीतून दिसतं ना मला. बाप तर कधीच सोडून गेला म्हणतात."

फार वाईट वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणाला – लिहायची लाज वाटते – चक्क आनंद झाला. हॉस्पिटलला हवी ती हीच तर मुलगी! आजारी माणसाच्या घरच्यांना काय वाटतं हे हिला कुणी शिकवायला नको. एवढं बोलली तर पक्की झालीच समजा. उद्याच बोलते तिच्याशी.

१३ जानेवारी, गुरुवार

बोलले. नसते बोलले तर बरं झालं असतं.

शाळा सुटल्यावर तिला वर्गात थांबवून घेतलं आणि आपलं सांगत सुटले. आईचं कसं मांडायचं, कुठे थांबायचं, कुठलं वाक्य शेवटी घ्यायचं. मांडणीसुद्धा करून ठेवली होती मी! ती ऐकत होती. मग म्हणाली, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

पहिल्यांदाच तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला असेल.

मी म्हटलं, अगं, यात लपवण्यासारखं काय आहे? तर म्हणाली, "लपवत नाही, मॅडम. पण ते माझं नाही, आईचं आहे. तिला विचारल्याशिवाय कसं सांगू? आणि विचारलं, तर ती हो म्हणेल. माझ्यासाठी म्हणेल. म्हणून विचारणारच नाही."

जाता जाता दारात वळली. "तुम्हीही हॉस्पिटलात कुणाला सांगू नका. प्लीज." दिला शब्द. मनातून नाही, पण दिला.

संध्याकाळी आमच्या ह्यांच्यापाशी कुरकुर केली. म्हटलं, पोरगी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेय. हे शांतपणे म्हणाले, "तू तुझ्या गुडघ्याचं शाळेत कुणाला सांगतेस का?" मी म्हटलं, चहा गार होतोय तुमचा. गुडघा आणि हे एकच आहे का? काहीतरीच!

१७ जानेवारी, सोमवार

नाही सांगत कुणाला. जिन्यावर कठड्याला धरून वर जाते आणि कुणी आलं की फोन बघत उभी राहते. ह्यांना हे सांगणार नाही.

२० जानेवारी, गुरुवार

कुजबुज बोलली!

आपणहून उठली. इंग्रजीतच बोलली, एकही चूक नाही. तिला म्हणे बसमध्ये लोकांच्या चपला-बूट बघायला आवडतं. त्यावरून हा माणूस कुठे निघाला असेल ते ती ओळखते. एकदा एका बाईच्या पायांवरून नजर हटेना म्हणून स्वतःचा स्टॉप सोडून तिच्यामागे उतरली. "आय वॉज राइट. शी वॉज अ डान्सर."

वर्ग खदाखदा हसला. पहिलवानानं घाईघाईनं पाय बाकाखाली ओढून घेतले. तिलाही हसू आलं. ही पोरगी हसते कशी हे मी आज पाहिलं! आणि मी हिला फक्त आजारी आईची मुलगी करून पाठवायला निघाले होते.

आवाज मात्र तेवढाच. पुढे बसलेल्यांनी मागच्यांना सांगितलं.

२५ जानेवारी, मंगळवार

मुलाखती झाल्या. मी फाटकाबाहेर ताटकळत उभी. पहिलवान धावत आला, "मॅडम, या वेळी मी मुलगा होतो!" वकीलबाई म्हणाली तिनंच त्यांना तीन प्रश्न विचारले. कुजबुज म्हणाली, "बरी झाली." म्हणजे कशी, ते तिचं तिलाच ठाऊक.

२८ जानेवारी, शुक्रवार

भरतीच्या बाईंचा मलाच फोन आला. तिघं नक्की झाले, पहिलवान त्यात आहे. जागा एकच उरली. वकीलबाई की कुजबुज?

बाई म्हणाल्या, "मला ती हळू बोलणारी फार आवडली. पण स्वागतकक्षात ऐकू तर यायला हवं ना! वरचे लोक नाही म्हणतात. तिच्या घरचं काही असलं तर सांगा. मला जोर लावता येईल."

एक वाक्य. जिभेच्या टोकावर होतं. वकीलबाईचे आई-वडील दोघंही कमावते, तिला कॉलेज काही चुकणार नाही. आणि इकडे ही. एका वाक्यानं काम झालं असतं!

मी म्हटलं, "मुलगी हुशार आहे, भरवशाची आहे. बाकी तिनं स्वतःबद्दल जे सांगितलं तेच."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

फोन ठेवला. मग राग आला. तिचा, माझा, गुडघ्याची आठवण करून देणाऱ्या ह्यांचासुद्धा. शब्द पाळला म्हणून बरं वाटायला हवं होतं. अजिबात वाटत नाही.

३१ जानेवारी, सोमवार

वकीलबाईला मिळाली जागा. लायक आहे पोरगी, तिचं काही चुकलेलं नाही. माझ्या गळ्यात पडली. मागे कुजबुज टाळ्या वाजवत होती, अगदी मनापासून. मला तिच्याकडे बघवेना.

२ फेब्रुवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर कुजबुज शिक्षकांच्या खोलीत आली. म्हणाली, "मी स्वतः फोन केला होता त्या मॅडमना. इंग्रजीतच विचारलं, माझं काय कमी पडलं. म्हणाल्या, आवाज. आणि म्हणाल्या, तुमच्याकडे माझ्या घरचं विचारलं होतं, पण तुम्ही एक अक्षर सांगितलं नाही."

मी मान खाली घातली. आता जे काय बोलेल ते ऐकून घ्यायचं ठरवलं.

"मॅडम, रविवारी घरी याल?"

येईन म्हटलं. विचारलं, आईसाठी काय आणू?

"काही नको. फक्त तिच्याशी इंग्रजीत बोला. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, बारावीलाच. पडून आहे तेव्हापासून सगळे तिला फक्त जेवलात का आणि झोप लागली का, एवढंच विचारतात."